काटा माळ्यावरच राहू दे

प्रिय आई आणि बाबा,

वजनकाटा माळ्यावर टाकायला दादाला मीच सांगितलं, आई, त्याच्यावर चिडू नकोस. डॉक्टरांना फोनही मीच केला, तुला न विचारता. मनाच्या आजारावरची रात्रीची गोळी, ओलान्झापीन, तू आठ दिवस अर्धीच घेते आहेस, हे बाबांकडून कळल्यावर मला गप्प बसवेना. त्यांनी चुगली केली असं म्हणू नकोस. तुझ्या आजाराचं, मिरजेचं ते वर्ष त्यांनीही काढलंय.

६९ वरून ७५. सहा किलो वाढले म्हणजे ऑपरेशन पाण्यात गेलं, असं तू म्हणालीस. अगं, तू १०४ होतीस! पोटाच्या बायपासनंतर साधारण वर्ष-दीड वर्षात वजन तळाला जातं आणि मग थोडं वर सरकतं, ते बहुतेकांचं सरकतं. त्यात ही गोळी आली. ओलान्झापीन मेंदूत ज्या ठिकाणी काम करते, तिथलीच काही केंद्रं 'पोट भरलं' ही वर्दी देतात. ती वर्दी मंदावते. ऑपरेशननंतर जठराची उरलेली पिशवी तर दोन चमच्यांची, म्हणून एकदम जेवण जात नाही, मग दिवसभर चरणं सुरू होतं. चहात बुडवलेला टोस्ट, बिस्किट पिशवीत थांबत नाही, सरळ खाली उतरतं. उसळ, अंडं, पनीर थांबतं. म्हणून ताटात आधी ते, पोळी शेवटी. बाकी यात तुझ्या जिभेचा दोष काढू नकोस, मी काढत नाही.

तर, गोळी बदलायची ठरली आहे. बंद नाही, बदल. तू पाच मिलिग्रॅमवर आलीच आहेस, म्हणून डॉक्टरांनी ओलान्झापीन पुढचे दोन आठवडे पाचवरच ठेवली. सोबत सकाळी नवी गोळी, ॲरिपिप्राझोल पाच, आठवड्यानंतर दहा. मग ओलान्झापीन अडीच, मग बंद. मला आधी लुरासिडोन बरी वाटत होती, तीही वजनाला हलकी. पण ती किमान ३५० कॅलरीच्या जेवणाबरोबर घ्यावी लागते, नाहीतर नीट शोषलीच जात नाही. तुझं रात्रीचं जेवण म्हणजे एक फुलका, अर्धी वाटी वरण आणि दोन चमचे भाजी. गोळीला पुरावं म्हणून जेवण वाढवायचं, तर मग हा सगळा खटाटोप कशासाठी? ॲरिपिप्राझोलला जेवणाची अट नाही.

तिचा त्रास एकच सांगून ठेवते. पाय एका जागी ठरत नाहीत, बसवत नाही, उठून फेऱ्या मारत राहावंसं वाटतं. तसं झालं तर ती काळजी नाही की आजार उलटला असंही नाही, तो गोळीचा परिणाम. सांगायचं, डोस कमी होतो. ओलान्झापीन उतरवताना एखादी रात्र झोप उडेल, ते चालेल. पण सलग दोन रात्री तीन-चार तास झोपूनही आई ताजीतवानी दिसली, पहाटे माळा आवरायला चढली, तर तो आजार उलटल्याचा इशारा. बाबा, घड्याळ न बघता मला फोन करा.

मन स्थिर ठेवणाऱ्या लिथियमच्या गोळीला मात्र हात लावायचा नाही. वजन थोडं तिच्यामुळेही वाढतं, मान्य. पण एवढी वर्षं घर तिने सांभाळलंय. ऑपरेशननंतर तुझी एसआर गोळी बदलून साधी ३०० ची दिली ती उगाच नाही. एसआर हळूहळू विरघळते, त्यासाठी आतड्याची लांबी लागते, तुझं सुरुवातीचं आतडं वगळलेलं आहे. केमिस्ट म्हणेल, "काकू, तेच आहे, नाव वेगळं." ते तेच नाही. पाकिटावर एसआर, ईआर, सीआर, एक्सआर अशी अक्षरं असली तर परत करा. आणि बाबा, असली गोळी कुटून तर मुळीच देऊ नका, सगळा डोस एकदम अंगात जातो.

लिथियम आणि मीठ-पाणी यांचं नातं तुम्ही दोघंही विसरता. अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. तुझी ०.७ आहे, छान. दीडच्या वर विष. पिशवी लहान म्हणून तू एकदम ग्लासभर पाणी पिऊ शकत नाहीस, त्यामुळे दिवसभर घोट घोट, दीड ते दोन लिटर. जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. हरतालिका जवळ आलीय, म्हणून स्पष्टच लिहिते: निर्जळी करायची नाही. पूजा कर, जागरणही नको. देवी समजून घेईल, मूत्रपिंड घेणार नाही.

उलट्या-जुलाब झाले, हात जोरात थरथरायला लागले, चालताना झोक गेला, बोलणं अडखळलं, तर लिथियमची पुढची गोळी न देता लगेच डॉक्टरांना फोन करा आणि पातळी तपासा. उलट्या दोन-तीन दिवस लांबल्या तर थायमिनचं, म्हणजे बी-वन जीवनसत्त्वाचं, इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी हवं, हे दवाखान्यात तुम्हालाच सांगावं लागेल. त्याच्या कमतरतेने माणूस भ्रमिष्ट होतो, आणि आईची फाइल बघून सगळे म्हणतील, जुना आजार उसळला.

गुडघ्यासाठी बाबांच्या खणातली डायक्लोफिनॅक घेऊ नकोस. ती लिथियम चढवते आणि जिथे पिशवी आतड्याला जोडलीय तिथे अल्सर करते. पॅरासिटामॉल घे. बाबांची टेल्मिसार्टनही नको, एखाद दिवशी प्रेशर वाढलं तरी.

आणखी एक. मोदक खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत घाम, छातीत धडधड, डोकं हलकं होणं, ते घाबरेपणाचं नाही. साखर पिशवीतून धाडकन आतड्यात जाते म्हणून तसं होतं. आडवी हो, ओसरेल. त्यावर झोपेची गोळी घेऊ नकोस. लहानपणी तू माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवून मगच काढा पाजायचीस. आता तुला गूळ देता येत नाही, नुसत्या गोळ्याच पाठवते, याचं मला फार वाटतं गं.

पोळ्यांच्या मावशींशी बोलले आहे, त्या सकाळी थांबून उसळही टाकतील. पगाराचं माझ्याकडे. गोळ्यांची डबी पाठवलीय, दिवसाला चार कप्पे: सकाळी ॲरिपिप्राझोल आणि लिथियम, दुपारी कॅल्शियम सायट्रेट, संध्याकाळी लोह, रात्री बाकीच्या. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास हवेतच. बी-ट्वेल्व्हचं इंजेक्शन गेल्या महिन्यात चुकलंय. ते कमी पडलं की विसरायला होतं, उदास वाटतं, आणि तू म्हणतेस या गोळ्यांनी डोकं जड झालं.

गुरुवारी सकाळी नऊला रक्त घ्यायला माणूस घरी येईल. बुधवारी रात्रीची लिथियम बरोबर नऊला घे, बारा तास मोजून झाले पाहिजेत. सकाळची गोळी रक्त दिल्यावरच. लिथियमसोबत मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, कॅल्शियम आणि थायरॉइडही सांगितलंय. लिथियमने थायरॉइड मंदावतो आणि त्यानेही वजन वाढतं. त्या सहा किलोंतला एखादा तिथलाही निघेल.

काटा महिन्यातून एकदा दादा खाली काढेल, पहिल्या रविवारी. तोवर स्टुलावर चढू नकोस.

तुमची
छोटी