पेन्सिलीच्या एका प्रश्नचिन्हाबद्दल आभार

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

आभार मानायला मी तोंड उघडले की तुम्ही चहाचा विषय काढता, आणि फोनवर प्रयत्न केला तर फोन काकूंच्या हाती देता. म्हणून हे पत्र चार लोकांच्या देखत लिहीत आहे. आता तुम्हाला मला थांबवता येणार नाही. माझ्या १९८८ च्या पॉन्टियाक फिएरो गाडीचे दोन्ही हेडलाइट आता एका वेळी वर येतात, पूर्ण वर येतात आणि बटण बंद केल्यावर निमूटपणे खाली जाऊन बसतात. ज्यांच्या गाडीचे दिवे जन्मभर जागच्या जागी असतात त्यांना यात एवढे काय, असे वाटेल. त्यांच्यासाठी थोडे सांगतो.

ठेंगण्या नाकाच्या गाड्यांची अमेरिकेत एक जुनी अडचण होती. हेडलाइट जमिनीपासून ठरावीक उंचीवर असलेच पाहिजेत असा नियम, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते ठरावीक आकाराचे, सीलबंद प्रकारचेच असावेत हा दुसरा. तेव्हा दिवसा दिवे नाकात लपवायचे आणि रात्री वर काढायचे, ही जुनी युक्ती कामी आली. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये त्यासाठी हाताने दांडा फिरवावा लागे; फिएरोत प्रत्येक दिव्यामागे एक छोटी विजेची मोटर आहे. ती मोटर दणकट असते. मात्र तिच्या पोटातला गिअर आणि दिव्याची दांडी हलवणारी चकती यांच्यामध्ये प्लास्टिकचे तीन लहानसे बुश असतात, आणि सगळा जोर त्यांच्यातूनच पुढे जातो. तीसेक वर्षांत ते ठिसूळ होऊन खडीसाखरेसारखे फुटतात. मग मोटर घरघरत फिरत राहते आणि दिवा अर्धवट उघडलेल्या पापणीसारखा अडकून बसतो, असे लिहिणार होतो. पण तुम्ही म्हणाल, उपमा नकोत, गाडीबद्दल बोला.

तर गाडीबद्दल. जी गाडी माझ्या घरापासून अर्ध्या तासावरच्या पॉन्टियाक शहरात तयार झाली, तिचे शेंगदाण्याएवढे तीन तुकडे मिशिगनमध्येच मिळू नयेत, याचे मला सुरुवातीला हसू येत असे. नंतर येईनासे झाले. पहिल्या दुकानदाराने भाग क्रमांक न बघताच ‘शंभर टक्के बसेल’ असे सांगून १९८६ च्या गाडीची मोटर गळ्यात मारली. १९८७ पासून फिएरोची ही मोटर आणि तिला थांबवण्याची पद्धत, दोन्ही बदलली, हे फिएरोचे भाग विकणाऱ्याला ठाऊक असायला हवे. दुसऱ्याने ‘रिबिल्ट’ म्हणून जी मोटर पाठवली तिच्यावर काळा रंग छान बसला होता. झाकण उघडले तर आत जुन्या बुशांचा चुरा तसाच होता. तिसऱ्याच्या तयार संचातले बुश इतके सैल होते की खडबडीत रस्त्यावर दिव्याचा उजेड झाडांच्या शेंड्यांवर नाचे. तक्रार केली तेव्हा उत्तर आले की बाकी कोणाचीच तक्रार नाही. या तिघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी होती: त्यांना कसलीही शंका नव्हती.

तुमची ओळख गणपतीच्या मांडवात झाली, तीही प्रसादाच्या रांगेत. प्लास्टिकचे भाग घडवण्यात उभे आयुष्य गेलेला माणूस आपल्यापासून तीन गल्ल्या पलीकडे राहतो आणि त्याच्या तळघरात लेथ आहे, हे मला इतकी वर्षे ठाऊक नसावे, याला काय म्हणावे! तुम्ही मोटर मागितली नाहीत. पहिला प्रश्न विचारलात, “चुरा फेकला नाही ना?” मग तो चुरा पांढऱ्या कागदावर पसरून, भिंगाखाली धरून, त्यातला त्यात अखंड राहिलेले तुकडे जुळवत बसलात. पितळेचे बुश करावेत, म्हणजे पुन्हा फुटायला नकोत, असे मी सुचवले तेव्हा तुम्ही समजावलेत की दिवा टोकाला जाऊन थडकतो तो धक्का सोसण्यासाठीच तेथे प्लास्टिक ठेवले आहे. पितळ घातले तर बुश टिकतील आणि धक्का गिअरच्या दातांना बसेल. डेलरिन या टणक प्लास्टिकची कांडी तुमच्याकडे होतीच. पुढचे लेथवरचे काम येथे सांगत बसत नाही, कारण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले ती गोष्ट वेगळीच आहे.

बुशांच्या पाकिटात तुम्ही एक कार्ड ठेवले होते. त्यावर बुशाची आकृती, सगळी मापे इंचात आणि मिलिमीटरमध्ये, धातूचे नाव लिहावे तसे प्लास्टिकचे नाव, आणि सोबत कांडीचा उरलेला तुकडा, पुढे कधी लागला तर कोणाही लेथवाल्याकडून करून घेता यावा म्हणून. एवढ्यानेही मी भारावलो असतो. पण बाहेरच्या व्यासासमोर तुम्ही पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढले होते आणि खाली बारीक अक्षरांत लिहिले होते की जुने प्लास्टिक ग्रीस पिऊन फुगलेले असू शकते, त्यामुळे या मापाची खात्री देता येत नाही. म्हणून दोन संच केले आहेत, एक मोजलेल्या मापाचा आणि एक किंचित बारीक. कोणता बसला ते कळवावे.

काका, तो कागद हातात घेऊन मी गॅरेजमध्ये बराच वेळ नुसता उभा होतो. पैसे मोजून घेतलेल्या एकाही वस्तूबरोबर मला असे प्रश्नचिन्ह मिळाले नव्हते. ज्याला सर्वांत जास्त कळत होते त्यानेच आपल्याला काय कळत नाही तेही लिहून दिले, आणि त्या शंकेचा भार माझ्यावर न टाकता स्वतः दुप्पट काम केले. सज्जनपणा म्हटला की आपल्याला मोठे त्याग आणि मोठी दाने आठवतात. मला यापुढे हे प्रश्नचिन्ह आठवेल. ठाऊक असलेले मुठीत झाकून ठेवायचे नाही आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याच्या आवाजात सांगायचे नाही, एवढे जरी दुकानांच्या काउंटरवर, दवाखान्यांत, कचेऱ्यांत पाळले गेले तरी माणसांचे किती हेलपाटे वाचतील! तुम्ही हे कोणाला दाखवण्यासाठी केले नव्हते. तुमच्या हाताला तशी सवय आहे, इतकेच, आणि म्हणूनच ते मला अधिक मोलाचे वाटते.

आता तुम्ही मागितलेला अहवाल. तुमचा संशय खरा ठरला: दोन्ही मोटरींत बारीक संच बसला. मोजलेल्या मापाचा संच घातल्यावर चकती बोटांनी जराही हलेना, म्हणून जोर न करता तो काढून घेतला. बारीक बुश अंगठ्याने दाबून बसतात आणि चकतीला खेळ राहत नाही. रात्री खडबडीत रस्त्यावर गाडी नेऊन पाहिली. उजेड रस्त्यावरच राहतो. कार्डावरचे माप मी खोडलेले नाही, शेजारी शाईने नवे लिहून तारीख घातली आहे. ओहायोतल्या एका फिएरोमालकाला त्याची प्रत हवी आहे. तुमची हरकत नसेल तर तुमचे नाव न घालता पाठवतो, आणि तुमच्या सवयीला धरून त्याला आधी एकच बुश करून बसवून बघायला सांगतो.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ, म्हणजे जुन्या गाड्यांची मिरवणूक, आहे. गाडीला दोनच सीटा आहेत आणि माझ्या पत्नीने आपली जागा आनंदाने तुम्हाला देऊ केली आहे. त्या दिवशी ती आणि काकू फर्नडेलला रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बसणार आहेत, असे त्यांचे परस्पर ठरलेही आहे. तेव्हा नाही म्हणू नका. दिव्यांचे बटण तुमच्या बाजूने नीट हाताला लागत नाही, पण ते वर-खाली करण्याचा मान तुमचा.

तुमचा कृतज्ञ,
तीन गल्ल्या अलीकडचा फिएरोवाला