सप्ताहातल्या कीबोर्डला टोन देताना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपती, नवरात्र, गावोगावचे हरिनाम सप्ताह, एप्रिलमधले भीमगीतांचे कार्यक्रम. मराठवाड्यात वर्षभर कुठे ना कुठे पेटीशेजारी कीबोर्ड मांडलेला असतो. श्रोत्यांची तक्रारही ठरलेली असते : ‘कीबोर्डमुळे शब्द कळत नाहीत.’ मग वादकाला आवाज कमी करायला सांगतात. कमी केला की तो ऐकूच येत नाही, वाढवला की पुन्हा गायकावर चढतो. हा प्रश्न आवाजाच्या बटणाने सुटत नाही, तो इक्वलायझरने, म्हणजे आवाजातले खालचे, मधले आणि वरचे भाग वेगवेगळे कमी-जास्त करणाऱ्या सोयीने सुटतो. त्याकडे आपल्या भागात फार दुर्लक्ष होते, म्हणून हे सविस्तर पत्र.

कीबोर्डमधले तयार टोन एकट्याने वाजवताना भारदस्त वाटावेत असे बांधलेले असतात. स्ट्रिंग्जचा पॅड, म्हणजे मागे सलग भरून राहणारा व्हायोलिनसारखा टोन घ्या : खाली भरपूर खर्ज, मधे दाट, वर चकाकी. दुकानात तो झकास वाटतो. भजनात मात्र खालची जागा पखवाजाच्या डाव्या बाजूची, मधली गायकाची आणि पेटीची, वरची टाळांची. पॅड सगळ्यांच्याच जागेवर बसतो. काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून गाणाऱ्या पुरुषाचा मध्य सा सुमारे १३९ हर्ट्झवर (सेकंदाला १३९ कंपने) आणि तार सा २७७ वर असतो. काळी चारच्या गायिकेचा मध्य सा २०८ च्या आसपास. शब्द कळतात ते मात्र व्यंजनांमुळे, आणि त्यांची धार बरीच वर, २ ते ४ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असते. नेमक्या याच भागात कानही सर्वांत तिखट असतो.

सुरुवात करताना कीबोर्डमधला आणि मिक्सरच्या चॅनलवरचा, दोन्ही इक्वलायझर शून्यावर आणावेत. एकीकडे कुणी बेस चढवून ठेवलेला असतो आणि दुसरीकडे आपण तो उतरवत बसतो, असे वारंवार होते. एकच वायर असेल तर ती डाव्या, म्हणजे ‘मोनो’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये घालावी. कोरस असलेले स्टीरिओ टोन मोनोत एकत्र झाले की काही वेळा दोन्ही बाजू एकमेकींना खातात आणि आवाज पोकळ होतो. ती पोकळी कोणत्याही इक्वलायझरने भरत नाही. टोनमधला कोरस कमी करावा किंवा टोनच बदलावा.

मग पॅडला १०० हर्ट्झवर लो-कट द्यावा, म्हणजे त्याखालचा आवाज कापावा. कीबोर्डवरच बेस वाजत असेल तर अर्थातच नाही. त्यानंतर २०० ते ४०० हर्ट्झमध्ये ३-४ डेसिबल कमी करावे. घुसमट, म्हणजे ज्याला आपण ‘आवाज भांड्यात वाजतोय’ म्हणतो, ती बहुधा इथेच असते. गायकाच्या शब्दांसाठी ३ हजारच्या आसपास रुंद हाताने, म्हणजे क्यू ०.७ ते १ ठेवून (क्यूचा आकडा जितका लहान तितका पट्टा रुंद), आणखी ३ डेसिबल काढावे. एवढ्यावरच बहुतेक पॅड जागेवर येतात. वाढवणे शेवटी, आणि तेही पखवाजाला कणीक लावतात तसे थोडेथोडे, ऐकत ऐकत. प्रत्येक बदलानंतर चॅनलचा आवाज आधीइतका करून मगच तुलना करावी, कारण जोरात वाजणारी गोष्ट कानाला उगाचच चांगली वाटते.

खटकणारी जागा शोधायला इक्वलायझरच्या मिडचा, म्हणजे मधल्या भागाचा नॉब ६ डेसिबल चढवून फ्रिक्वेन्सी फिरवायची पद्धत आहे. ती हेडफोनवरच करावी. माइक उघडे असताना मोठ्या स्पीकरवर केली तर शिट्टी बसते. शिवाय आधी कानाला काय खटकते ते ठरवावे आणि मगच शोधायला निघावे, नाहीतर चढवलेली प्रत्येक जागा वाईटच वाटते.

एक चूक खास आपल्याकडची. गायक बदलला की वादक ट्रान्स्पोजचे बटण दाबून काळी एकवरून काळी चारवर जातो. सूर सरकतात, इक्वलायझर मात्र जागच्या जागी राहतो. समजा एक स्वर फार टोचतो म्हणून ४१५ हर्ट्झवर अरुंद, क्यू ८ चा कट दिला. काळी एकमध्ये तो तार पंचमावर पडतो. काळी चारमध्ये हीच जागा तार षड्जाची! गायिका तार षड्जावर थांबते आणि साथीचा तोच सूर बसलेला निघतो. म्हणून टोनसाठी कट नेहमी रुंद ठेवावेत. अरुंद कट फीडबॅकची, म्हणजे स्पीकरचा आवाज माइकमध्ये परत शिरून बसणारी शिट्टी मारण्यापुरतेच.

जागीच राहण्याचा हा गुण अडचणीचा तसा मोलाचाही आहे, आणि आम्हाला सर्वांत जास्त सांगायचे आहे ते हेच. सिंथेसायझरमधला (विजेवर सूर घडवणाऱ्या वाद्यातला) फिल्टर, म्हणजे आवाजाचा काही भाग गाळणारी सोय, सुराबरोबर आणि एन्व्हलपबरोबर (सूर उमटून विरेपर्यंतच्या चढउताराबरोबर) हलू शकतो. इक्वलायझर हलत नाही. तंबोऱ्याचा भोपळाही हलत नाही. कोणतीही तार छेडा, तो स्वतःच्या ठरलेल्या जागाच घुमवतो आणि त्यावरूनच तो तंबोरा ओळखू येतो. सिंथच्या कोऱ्या लहरीला असे अंग नसते, ते इक्वलायझरने देता येते. रॉबर्ट मूग यांच्या १९६०च्या दशकातल्या मॉड्युलर सिंथेसायझरमध्ये यासाठी स्थिर फिल्टरांचा वेगळा संचच होता. ९१४ क्रमांकाच्या संचात अर्ध्या-अर्ध्या सप्तकाच्या अंतरावर १२ बँड, म्हणजे ठरलेले पट्टे होते.

करून पाहण्यासारखा प्रयोग : सॉ-टूथ (करवतीच्या दात्यांच्या आकाराच्या) लहरीचा साधा टोन घ्या, फिल्टर बराच उघडा ठेवा. दोन बँड ७०० आणि ११०० हर्ट्झवर, क्यू ४ ठेवून ६ ते ९ डेसिबल चढवा. सूर ‘आ’कडे झुकतो. तेच बँड ३०० आणि २३०० वर नेले की ‘ई’, ३०० आणि ८०० वर ‘ऊ’. कोणताही सूर वाजवा, स्वभाव तोच राहतो. हेच साइन लहरीवर करून उपयोग नाही, कारण तिच्यात मूळ सुराशिवाय काहीच नाही आणि नसलेले इक्वलायझर आणू शकत नाही. सॉ-टूथमध्ये सगळे उपस्वर, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर असतात, दर सप्तकाला ६ डेसिबलने उतरत जाणारे. स्क्वेअरमध्ये फक्त विषम. म्हणून निर्जीव टोनला ट्रेबल चढवत बसण्यापेक्षा आधी फिल्टर उघडावा किंवा लहर बदलावी. टोनला ड्राइव्ह (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) लावायचा असेल तर त्याच्या आधीचा इक्वलायझर कोणते उपस्वर जन्मतील ते ठरवतो, नंतरचा फक्त जन्मलेल्यांची छाटणी करतो. दोन्ही जागी ऐकून पाहावे.

मुख्य ३१ बँडच्या ग्राफिक इक्वलायझरला कीबोर्डसाठी हात लावू नये, तो स्पीकर आणि जागेसाठी असतो. पुष्कळ मंडपांत त्याच्या पट्ट्या ‘व्ही’च्या आकारात लावलेल्या दिसतात : खाली-वर चढवून मधे खड्डा. त्या खड्ड्यात गायक पडतो, मग आवाज वाढवतात आणि खर्ज आणखी फुगतो. खाली १२ डेसिबल चढवले की त्या सुरांना अँपकडून जवळपास १६ पट ताकद लागते. आवाज फाटतो तो इथे. घरी हळू आवाजात बेस भरून बसवलेला टोनही मंडपात जड होतो, कारण आवाज मोठा झाला की कानाला खर्ज तुलनेने जास्त ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले आहे.

पत्र्याच्या मंगल कार्यालयात रिकाम्या वेळी वरचे सूर खणखणतात. माणसे बसली की कपडे आणि शरीरे ते शोषतात. तेव्हा रिकाम्या सभागृहात ट्रेबल फार काढू नये, पहिल्या अभंगानंतर पुन्हा बघावे.

आयोजकांना आणि भजन स्पर्धा घेणाऱ्या मंडळांना विनंती की, गायक, पखवाज, टाळ आणि कीबोर्ड एकत्र वाजवून बघायला कार्यक्रमाआधी निदान अर्धा तास द्यावा. सध्या माइकवर ‘हॅलो, चेक’ झाले की नारळ फुटतो. कीबोर्ड शिकवणाऱ्या वर्गांनीही कॉर्डबरोबर हा विषय शिकवावा. आणि वादकांनी प्रत्येक टोनचे आकडे, पट्टीसह, कीबोर्डच्या झाकणाच्या आत कागदावर लिहून चिकटवावेत; ऐनवेळी वेगळा मिक्सर मिळाला तरी काम पाच मिनिटांत होते.

आपले,
काही कीबोर्डवादक आणि साउंड ऑपरेटर,
अंबाजोगाई, जि. बीड