पावसाळी सह्याद्री आणि फिल्म कॅमेरा

संपादक महोदय,

जुने फिल्म कॅमेरे घेऊन पावसाळ्यात सह्याद्रीत जाणाऱ्यांची छायाचित्रे समाजमाध्यमांवर दिसतात. अनेक धुक्यात काळवंडलेली असतात. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर पांढऱ्या धुक्याला करडे समजतो आणि प्रकाश कमी घेतो. निगेटिव्ह फिल्मला एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप जास्त म्हणजे दुप्पट प्रकाश) जास्त द्यावा. मीटर बंद असेल तर ४०० आयएसओच्या (प्रकाशसंवेदनशीलतेच्या) फिल्मला दाट ढगांत लेन्सचे छिद्र एफ/५.६ आणि शटर १/२५० सेकंद ठेवावे. निगेटिव्हला थोडा जास्त प्रकाश सोसतो, कमी सोसत नाही.

छायाचित्रांच्या कडेचे नारिंगी पट्टे बहुधा कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाचा, प्रकाश अडवणारा फोम झिजल्याने येतात. तो स्पिरिटने पुसून नवा काळा फोम बसवावा. घरी आल्यावर कॅमेरा चामडी पिशवीत ठेवू नये, लेन्सवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा.

सर्वात कळकळीची विनंती मात्र वेगळी. कंदीलपुष्पासारख्या दुर्मीळ वनस्पतींची नेमकी जागा कृपया लिहू नका. त्यांचे कंद खाण्यासाठी उकरले जातात. फिल्मच्या स्कॅनमध्ये ठिकाणाची नोंद नसते, पण सोबत मोबाइलवर टिपलेल्या फोटोत असू शकते. ती काढूनच फोटो टाका. फोटोखालच्या ओळीत फक्त जिल्हा पुरेसा आहे.

— एक छायाचित्रकार, सातारा