चालक भाऊंस जाहीर आभारपत्र

नागपूर

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, अशी आपण अट घातली आहे आणि ती मी पाळत आहे. परंतु नाव घ्यायचे नाही म्हणून आभारही मानायचे नाहीत, हे आमच्या घरात कुणालाच पटले नाही. माझ्या वडिलांची विदर्भातील अष्टविनायकांची यात्रा आपल्यामुळे पूर्ण झाली. आपण गाडी चालवलीत एवढ्यानेच ती झाली नाही, हे इतरांनाही कळावे, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

बाबांची दृष्टी काचबिंदूने गेली. या आजारात डोळ्याची नस हळूहळू निकामी होते आणि एकदा गेलेली दृष्टी परत येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितल्यावर बाबांनी ते धीराने स्वीकारले. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवले, मुलांच्या शिक्षणात आणि घराच्या हप्त्यांत वर्षे गेली आणि अष्टविनायकांची यात्रा तेवढी राहून गेली, ही रुखरुख मात्र त्यांच्या बोलण्यात वारंवार येत असे. दिसत नसताना एवढी दगदग कशासाठी, घरीच अथर्वशीर्षाची आवर्तने करावीत, असे नात्यातल्या काहींचे म्हणणे होते. त्यांच्या म्हणण्यात काळजी होती, हे मला मान्य आहे. तरीही बाबांची इच्छा डोळ्यांवर अवलंबून नव्हती. नागपूर, भंडारा, वर्धा, यवतमाळ आणि चंद्रपूर अशा 5 जिल्ह्यांत विखुरलेली ही 8 स्थाने एका दमात करण्याचा हट्ट न धरता सवडीने, टप्प्याटप्प्याने करावीत, हा सल्ला प्रथम आपणच दिला. अंगारकी आणि माघी चतुर्थीची गर्दी टाळा, पहाटे निघा, उन्हे चढण्यापूर्वी दर्शन आटोपा, हेही आपलेच सांगणे होते. विदर्भातल्या उन्हात देवळापुढची फरशी किती तापते, हे आम्हालाही माहीत होते. पण बाबांना पाय कुठे टाकावा हे दिसत नाही, म्हणून ते चटका चुकवू शकणार नाहीत, हे आपल्या लक्षात आले आणि आपण त्यांच्यासाठी जाड सुती मोज्यांचा जोड गाडीत आणून ठेवलात.

सुरुवात अर्थातच बर्डीच्या टेकडी गणपतीपासून झाली. ते नागपूरकरांचे रोजचे दैवत. बाबांच्या मनात ते रूप पक्के होते, त्यामुळे तिथे कुणी काही सांगण्याची गरजच पडली नाही. खरा प्रश्न कळमेश्वर तालुक्यातल्या अदासा येथे आला. तिथल्या शमी विघ्नेशाची मूर्ती एकाच दगडातली, सुमारे 12 फूट उंच आणि 7 फूट रुंद आहे. मी बाबांना हे आकडे सांगितले आणि ते नुसते ‘हो’ म्हणाले. आपण मात्र सभामंडपात त्यांच्या शेजारी उभे राहिलात, त्यांचा उजवा हात मनगटाशी धरून सावकाश वर नेलात आणि हात पुरता ताणला गेल्यावर म्हणालात, “काकाजी, तुमचा हात इथवर पोचला. याच्यावर अजून एक पोरगं उभं केलं, की मंग गणपतीचं डोकं लागते.” बाबांनी मान मागे टाकून वर पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले, ते मी काय दिले तरी विकत आणू शकलो नसतो.

त्यानंतर हा आपला क्रमच झाला. रामटेकला अष्टादशभुज गणेशासमोर आपण घाई न करता एकेका हातातले आयुध सांगत गेलात आणि मोदकाचा हात आल्यावर बाबांच्या तळहातावर प्रसादाचा मोदक ठेवलात. भंडाऱ्याचा भृशुंड आणि वैनगंगेकाठच्या पवनीचा पंचानन एकाच दिवशी झाले. केळझरला जाताना एकचक्रानगरीची आणि भीमाने मारलेल्या बकासुराची कथा बाबांनीच आपल्याला सांगितली.

कळंबच्या चिंतामणीची मला सर्वांत जास्त धास्ती होती. तिथे पायऱ्या चढून नव्हे, तर उतरून देवापाशी जावे लागते, आणि ज्याला दिसत नाही त्याला चढण्यापेक्षा उतरणे फार अवघड जाते. आपण बाबांच्या पुढे, एक पायरी खाली, त्यांच्याकडे तोंड करून उभे राहिलात आणि त्यांचे दोन्ही हात धरून स्वतः उलटे उतरत गेलात. कुठे पायरी रुंद आहे, कुठे ओल आहे, हे आधीच सांगत होतात. मागून येणाऱ्या भाविकांना शांतपणे थांबवत होतात. गौतम ऋषींच्या शापातून मुक्त होण्यासाठी इंद्राने येथे चिंतामणीची आराधना केली, अशी या क्षेत्राची कथा आहे, आणि दर 12 वर्षांनी कुंडातले पाणी वाढून देवाच्या चरणांना लागते, अशी श्रद्धा आहे. खाली पोहोचल्यावर बाबा बराच वेळ बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “हवा बदलली. आपण खाली आलो, हे कळलं.” आपल्या मदतीमुळे त्या स्थानाचे वेगळेपण त्यांना स्वतःला जाणवले.

भद्रावतीच्या वरदविनायकाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. गृत्समद ऋषींनी या गणेशाची स्थापना केली, असे परंपरा सांगते, आणि ऋग्वेदाचे दुसरे मंडल प्रामुख्याने याच ऋषींच्या नावावर आहे. ‘गणानां त्वा’ ही ऋचा त्या मंडलातली. बाबांनी ती तिथे खड्या आवाजात म्हटली. आपण लगेच तिचा अर्थ विचारलात आणि परतीच्या वाटेवर, वरोरा मागे पडले तरी, बाबा आपल्याला एकेक पद फोडून सांगत होते. दृष्टी गेल्यापासून सगळे जण बाबांना सांगत असतात: जपून, इकडे वळा, थांबा. त्या दिवशी पुष्कळ काळानंतर ते पुन्हा कुणाला तरी शिकवत होते.

ठरल्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ थांबूनही आपण वेटिंगचे पैसे घेतले नाहीत, याचेही आभार मानतो. आपण बाबांना आजारी माणूस न मानता यात्रेकरू मानलेत, याचे ऋण मात्र त्याहून मोठे आहे. देवस्थानांच्या समित्यांनी रांगांची आणि रेलिंगची सोय केली, तशीच न दिसणाऱ्या भाविकाजवळ दोन मिनिटे उभे राहून मूर्ती वर्णन करणारा एखादा सेवेकरी नेमावा, असे मला आपल्यामुळे मनापासून वाटू लागले आहे. त्यासाठी फार खर्च लागत नाही, आणि शिकवायला आपल्यासारखी माणसे आहेत.

बाबांनी येत्या संकष्टीला चंद्रोदयानंतर आपल्याला सहकुटुंब जेवायला बोलावले आहे. त्या दिवशी भाडे घेऊ नये आणि वहिनींना व मुलांना घेऊन अवश्य यावे, ही आग्रहाची विनंती.

आपला कृतज्ञ,
काकाजींचा मुलगा