लॉगबुकाआधी (उड्डाणांच्या नोंदवहीआधी) सेमिस्टरचं कॅलेंडर मागणाऱ्या इन्स्ट्रक्टर मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पदवीचं शिक्षण चालू असताना पायलट लायसन्स काढायला आलेल्या प्रत्येकाकडे तुम्ही आधी सेमिस्टरचं कॅलेंडर मागता. हे पत्र मुख्यतः त्याबद्दल आभार मानायला.

फी भरण्याआधी तुम्ही मेडिकल, म्हणजे वैमानिकाची वैद्यकीय तपासणी, करून घ्यायला लावता. पुढे कमर्शियलचा, म्हणजे व्यावसायिक लायसन्सचा, विचार असेल तर अधिक कडक क्लास 1 सुद्धा. प्रायव्हेट लायसन्सला क्लास 2 पुरतं, पण रंगदृष्टीत काही निघायचं असेल तर ते पैसे आणि वर्ष जाण्याआधी कळलेलं बरं.

मग तासांचा हिशेब. इकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) निकषांप्रमाणे प्रायव्हेट लायसन्सला साधारण 40 तास लागतात. त्यात 10 सोलो, म्हणजे एकट्यानं; सोलोपैकी 5 क्रॉस-कंट्री, म्हणजे एका विमानतळावरून दुसरीकडे लांब पल्ल्याचे; आणि त्यातली एक फेरी किमान 270 किलोमीटरची, दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबत. कागदावर हे सहज बसतं. गणित बिघडतं ते खंड पडल्यानं. तीन आठवडे उड्डाण झालं नाही की सगळ्यात आधी लँडिंग हातातून जातं. फ्लेअर (टेकण्याआधी विमानाचं नाक वर उचलणं) फार उंचावर होतो नाहीतर उशिरा, आणि पुढचा पैसे मोजून घेतलेला तास जुनाच धडा गिरवण्यात संपतो. म्हणून पहिल्या सोलोपर्यंतचा टप्पा तुम्ही सुट्टीत सलग ठेवता आणि लेक्चर सुरू झाली की आठवड्यातल्या दोन सकाळी. क्रॉस-कंट्रीला मात्र पूर्ण मोकळा दिवसच, कारण हवामान, नकाशा, इंधन आणि परतीच्या वाऱ्याचा हिशेब धरला तर दोन तासांचं उड्डाण दिवस खातं. परीक्षेच्या महिन्यात विमान बंद. त्याऐवजी रोज 15 मिनिटं खुर्चीत बसून चेकलिस्ट मोठ्यानं म्हणायची, हात त्या त्या स्विचच्या जागी नेत. लेखी पेपरही फार आधी उरकू देत नाही तुम्ही. त्या निकालांना मुदत असते, आणि फ्लाइट टेस्ट लांबली तर पेपर पुन्हा द्यावे लागतात.

विमानाजवळ शिकवलेल्या दोन गोष्टींचा उल्लेख केल्याशिवाय राहवत नाही.

टाकीच्या तळातून इंधनाचा नमुना काढला की तो पांढऱ्या पार्श्वभूमीवर धरायचा. पाणी जड, ते खाली बसतं आणि मध्ये रेघ दिसते. पण रेघ नाही म्हणजे पाणी नाही, असं नव्हे. सगळा नमुनाच पाण्याचा असेल तरी तो एकसारखाच दिसतो! म्हणून रंग पाहायचा, वास घ्यायचा. 100एलएल हे विमानाचं पेट्रोल निळं असतं, पाणी नाही.

दुसरी, कार्ब हीट, म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडायची सोय. इंधन आणि हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या अरुंद गळ्यात दाब घटतो, इंधनाची वाफ होते आणि तापमान इतकं उतरतं की दमट हवेत बाहेर 20 अंश असतानाही आत बर्फ धरतो. फिक्स्ड पिच प्रोपेलर (पात्यांचा कोन न बदलणारा पंखा) असेल तर पहिली खूण म्हणजे थ्रॉटलला हात न लावता हळूहळू उतरणारा आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे). हीट पूर्ण ओढली की आरपीएम आणखी पडतो आणि वितळलेलं पाणी आत गेल्यानं इंजिन खडखडतं. नेमक्या त्याच क्षणी नवशिक्या घाबरून हीट बंद करतो. ‘हात तिथून काढ आणि थांब,’ हे तुमचं वाक्य त्या क्षणासाठी असतं. बर्फ गेला की आरपीएम आपोआप वर येतो.

आणि रात्रभर जागून प्रोजेक्ट पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला तुम्ही दारातून परत पाठवता, त्याबद्दलही आभार. झोप झालेली नसली की माणूस क्लिअरन्स (कंट्रोल टॉवरनं दिलेली परवानगी) अचूक परत म्हणतो आणि करतो भलतंच. उड्डाण रद्द करायला विद्यार्थ्यानं कारण पटवून द्यायची गरज नाही, हा तुमचा नियम आहे. त्यामुळे कुणी झोप झाल्याचं खोटं सांगत नाही.

तुम्ही आखलेला कॅलेंडरचा तक्ता आता नव्या बॅचच्या हाती दिला आहे. मेडिकलची ओळ सगळ्यात वरच ठेवली आहे.

आपले नम्र,
तुमचे विद्यार्थी