विषय : सवाईच्या दिवसाची सहल, सवाई वगळून – पूर्ण परतावा मिळण्याबाबत

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलाने माझं बोलणं अर्धवट तोडून फोन ठेवला, म्हणून हे पत्र. बुकिंगचा तपशील तुमच्याकडे आहेच. सवाई गंधर्व महोत्सवाच्या पहिल्या दिवसाची पुणे सहल, माणशी ३,४०० रुपये, मी आणि माझे वडील (वय ७९).

तुमचंच वेळापत्रक समोर घेऊन बसले आहे. सकाळी नऊला डेक्कन, दहाला केळकर संग्रहालय, मग शनिवारवाडा, जेवण आणि 'दुपारी २.३० पर्यंत मुकुंदनगरला मंडपात'. यात पैठणीचं दुकान कुठेही नाही. तरीही जेवणानंतर बस लक्ष्मी रस्त्यावर एका पैठणीच्या दुकानाशी थांबली आणि तासाभराहून जास्त वेळ हलली नाही. बसमधल्या कोणीही पैठणी मागितली नव्हती. तुमच्या गाईडला मात्र दुकानाचे मालक नावाने हाक मारत होते आणि त्याच्यासाठी न सांगता कोल्ड्रिंक आलं. यावरून काय ते समजायला पुणेकर असावं लागत नाही, आम्ही नाशिकचे आहोत.

कार्यक्रम तीनला सुरू होणार, हे मी गाईडला सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, असे कार्यक्रम कधी वेळेवर सुरू होतात का?" सवाई होतो. सुरुवातीची सनई आम्ही दुकानाच्या पायरीवर बसून चुकवली. पुढे बाजीराव रस्त्यावर बस अडकली, तेव्हा मी म्हटलं, आम्हाला इथेच उतरवा, आम्ही मंडईतून मेट्रोने जातो. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथून स्वारगेटला मेट्रो जाते, एका स्टेशनाचं अंतर आहे. "ग्रुप सोडता येणार नाही, कंपनीचा नियम आहे." बरं.

मंडपाच्या दाराशी पोचलो तेव्हा पावणेपाच झाले होते. आत मुलतानी राग चालू होता. चालू होता म्हणजे संपत होता, द्रुत बंदिशीच्या शेवटच्या ताना कानावर पडल्या आणि टाळ्या झाल्या. मुलतानी दुपार कलताना गातात, त्यामुळे संध्याकाळच्या मैफलीत तो सहसा मिळत नाही. माझ्या वडिलांनी रमणबागेत सवाईच्या आख्ख्या रात्री ऐकल्या आहेत. आता लाऊडस्पीकरच्या नियमामुळे एरवी दहाला थांबावं लागतं, म्हणून कार्यक्रम दुपारी सुरू होतो. या दुपारच्या रागांसाठीच त्यांनी पहिला दिवस निवडला होता. बुकिंगच्या वेळी मी हे तुमच्या माणसाला सांगितलं होतं आणि तो "नक्की सर, नोट करतो" म्हणाला होता. मी सर नाही, हेही त्याने बहुधा नोट केलं असेल.

आता आजचा फोन. तो तुम्ही रेकॉर्ड करता म्हणे, तेव्हा एकदा ऐकाच. आधी बराच वेळ संतूर ऐकवलंत (त्या दिवशीपेक्षा जास्त संगीत मला तुमच्या होल्डवरच मिळालं). मग एक मुलगा आला. सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो म्हणाला, "पण मॅडम, पास दिवसभराचा होता ना? मग तुम्हाला प्रोग्रॅम तर मिळाला." मी म्हटलं, बडा ख्याल आख्खा गेला. शांतता. मग, "म्हणजे कुठलं गाणं गेलं?" मी म्हटलं, गाणं नाही, रागाची सगळी मांडणी, आलापी. तर हा पठ्ठ्या म्हणतो, "हां, ते सुरुवातीचं आऽ आऽ ना? मॅडम, त्यात शब्द तर नसतातच. मेन गाणं तर तुम्हाला मिळालं." वर समजूत काढायला, "पिक्चरची पहिली दहा मिनिटं गेली तरी स्टोरी कळतेच ना?"

मी हसले नाही, रडलेही नाही. वरिष्ठांना फोन द्या म्हटलं. "वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत. पण मी तुम्हाला महाबळेश्वर स्ट्रॉबेरी सहलीवर दोनशे रुपयांचं कूपन देऊ शकतो." मी नको म्हणेपर्यंत ते मोबाईलवर आलंसुद्धा. तुमच्याकडे एवढीच एक गोष्ट वेळेवर पोचते. त्यावर मी पुन्हा दुकानाचा विषय काढला आणि फोन कट.

चूक, आणखी एक गोष्ट वेळेवर झाली होती. परतीची बस. बरोब्बर साडेआठला. सवाईत सगळ्यांत ज्येष्ठ कलाकार शेवटी बसतो, हे तुम्हाला माहीत नसेल तर सवाईच्या नावाने पैसे कशाला घेता? त्यांचे तानपुरे जुळत होते आणि गाईड मागून "चला काका, ड्रायव्हरची ड्यूटी संपते" करत होता. हाच गाईड सकाळी केळकर संग्रहालयात, वडील वाद्यांच्या दालनात रेंगाळले तेव्हा म्हणाला होता, "काका, वाद्यं संध्याकाळी बघायचीच आहेत ना." अडकित्ते मात्र त्याने सगळे दाखवले. पैठणीच्या दुकानात घालवलेला वेळ शेवटी दिला असता तरी मी हे पत्र लिहिलं नसतं.

वाईट याचं वाटतं, की माझी आई तुमच्याच बसने अष्टविनायक करून आली होती आणि कितीतरी दिवस तुमचं कौतुक करत होती. तुमचं नाव तिनेच सुचवलं.

दोघांचे ६,८०० रुपये पंधरा दिवसांत, पैसे भरले त्याच खात्यात जमा करा. कूपन नको, 'सदिच्छा भेट' नको. नाहीतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवेन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे तारखांना तुम्हाला नाशिकला यावं लागेल. एवढ्या रकमेला आयोगाची फीसुद्धा लागत नाही. दुकानाची पाटी आणि बाहेर उभी असलेली तुमची बस एकाच फोटोत आहेत, वेळेसकट. उत्तर लेखी द्या, फोन करू नका.