पेढे जरा लवकरच वाटले

कोल्हापूर,
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "मग, बॅगा भरल्या का?" असं विचारलंस आणि मी "मशीनचा आवाज येतोय, नंतर करतो" म्हणून फोन ठेवला. खोटं बोललो लेका. लाइट गेली होती, सगळ्या मशिनी गप्प होत्या. तोंडानं सांगायला जमेना म्हणून लिहायला बसलोय.

अमेरिकेच्या व्हिसाचा मुंबईचा इंटरव्ह्यू जूनमध्ये झाला. तिघांचे व्हिसे आले. माझा, तुझ्या वहिनीचा आणि ओंकारचा. ऋतुजाचा नाही. वयात बसत नाही म्हणाले.

नीट सांगतो, कारण गल्लीत प्रत्येकानं याचा वेगळा अर्थ लावलाय. कुणी म्हणतं तिचं इंग्रजी कच्चं पडलं, कुणी म्हणतं कागद चुकले. तसलं काही नाही. घरात सगळ्यांत चांगलं इंग्रजी तिचंच, आणि कागद तिनंच लावले होते.

अक्का तिकडची सिटिझन झाली आणि २००६ च्या फेब्रुवारीत तिनं माझ्यासाठी अर्ज टाकला, हे तुला माहीत आहे. आय-१३० नावाचा फॉर्म. भावंडांच्या रांगेला तिकडं एफ-४ म्हणतात. अर्ज माझ्या नावाचा, पण माझ्या मागून बायको आणि २१ च्या आतली, लग्न न झालेली पोरं येऊ शकतात. ऋतुजाला तेव्हा पाचवं संपायचं होतं. ओंकार तर पोटात होता. दाजी म्हणाले, दहा-बारा वर्षं धरून चाला. आम्ही धरून चाललो.

रांग लांबायचं कारण मला कळायलाच पाच-सात वर्षं गेली. साऱ्या जगातल्या भावंडांना मिळून वर्षाला ६५ हजार व्हिसे. त्यात बायकापोरंही मोजतात, म्हणजे आमच्यासारखं एक घर चार आकडे खातं. वर कुठल्याही एका देशाला एकूण कोट्यातला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही. त्यामुळं भारत, मेक्सिको, फिलिपाइन्स यांच्या रांगा इतरांहून वेगळ्या लागतात. मेक्सिकोवाले तर अजून २००१ सालात उभे आहेत. दर महिन्याला तिकडचं खातं तारखांचा तक्ता काढतं, त्याला व्हिसा बुलेटिन म्हणतात. पावसाळ्यात आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो ना, ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, तसा मी बारा महिने तो तक्ता बघायचो. कधी तारीख दोन आठवडे पुढं, कधी सहा-सहा महिने जागची हलत नाही. मागं सरकलेलीसुद्धा मी बघितलीय. फरक एवढाच की नदी वाढली की आपण सामान माळ्यावर टाकतो; इथं काय हलवायचं तेच कळत नाही.

खरं दुखणं तिथंच आहे दत्ता. काहीच हलवलं नाही. उद्यमनगरात माझ्या शेजारच्या गाळ्यात बघता बघता तीन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशिनी, बसल्या आणि मी त्याच दोन जुन्या लेथवर कास्टिंगची जॉबवर्क करत राहिलो. कर्ज काढायचं म्हटलं की मन म्हणायचं, जायचंच आहे, हप्ते कोण भरणार? घराचा वरचा मजला तसाच, कॉलमच्या सळ्या उघड्या. तू आलास की दर वेळी विचारायचास, "यंदा स्लॅब का?" आणि मी हसण्यावारी न्यायचो. हे सगळं माझं झालं, त्याचं फारसं काही नाही. पण २०२२ साली ऋतुजाला कॉलेजातून पुण्याच्या कंपनीत नोकरी लागली, तेव्हा मीच म्हणालो, "वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे, कशाला खोली बघतेस? तोवर वर्कशॉपला ये." ती आली. कोटेशन, जीएसटी, ड्रॉइंग वाचणं, सगळं उचललं तिनं. मला वाटायचं, पोरगी वेळ काढतेय. आणि दत्ता, ते साल २०२२ होतं. मार्चमध्ये तिला २१ पूर्ण झाली होती. मला माहीत होतं. तरी म्हणालो.

कारण मला एका कायद्याचा भरवसा होता. असं वय उलटून पोरं गळतात हे तिकडंही लोकांना खुपलं, म्हणून ऑगस्ट २००२ मध्ये त्यांनी एक कायदा केला. नंबर लागतो त्या दिवशीचं पोराचं वय घ्यायचं, आणि त्यातून अर्ज खात्याच्या टेबलावर जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा करायचे. उरलेलं वय २१ च्या आत असलं तर पोर आत. रांगेत काढलेली वर्षं मात्र वजा होत नाहीत. फक्त टेबलावरचे दिवस.

आता तुला पेढे आठवतात का बघ. २००८, जुलै. अर्ज मंजूर झाल्याचं पत्र अक्काकडं आलं, तिनं रात्री फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी भर पावसात तू महाद्वार रोडवरून दोन किलो पेढे घेऊन आलास. "संभा, अडीच वर्षांच्या आत पास! लोकांची पाच-पाच वर्षं लागतात!" असं म्हणत तूच गल्लीत वाटलेस. हसू नको, पण तिथंच घात झाला. टेबलावर अर्ज ८६८ दिवस होता. आमचा नंबर १ ऑक्टोबर २०२४ ला लागला, त्या दिवशी ऋतुजा २३ वर्षं आणि २०५ दिवसांची. वजा करून बघ. २१ वर्षं आणि वर ६७ दिवस. तो साहेब थोडा आळशी असता, गणपती-दिवाळी करून ऑक्टोबरात सही केली असती, तर पोरगी बसली असती. आपल्याकडं सरकारी कामाला उशीर झाला म्हणून आपण शिव्या देतो. मी आयुष्यात पहिल्यांदा काम वेळेत केल्याबद्दल एका माणसाला शिव्या दिल्या.

आमच्या धंद्यात हे रोज होतं. कास्टिंगचा बोअर, म्हणजे आतलं भोक, प्लग गेजनं तपासतात, एका टोकाला 'गो', दुसऱ्याला 'नो गो'. गो आत गेला पाहिजे, नो गो जाता कामा नये. बोअर लहान राहिला तर अजून एक कट मारता येतो. मोठा झाला की संपलं, काढलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. मी स्वतः असले शेकडो जॉब भंगारात टाकलेत, पोरांवर ओरडलोय. तेव्हा नियमाबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही. पण भंगारातल्या जॉबचं नाव ऋतुजा नसतं.

मग अर्ज भरताना तिचे पैसे का भरले, असं तू विचारशील. माणशी ३२५ डॉलर फी, वर मेडिकल. वकिलानं आधीच सांगितलं होतं की बसत नाही. पण शेवटचा शब्द खिडकीवरच्या ऑफिसरचा असतो, आणि माणूस म्हणतो, कुणी सांगावं. कागद गोळा करता करता दोन वर्षं गेली होती. माझ्या जन्मदाखल्यावर नुसतं 'मुलगा' लिहिलेलं. तुझ्या वहिनीचं माहेरचं नाव एका कागदावर, सासरचं दुसऱ्यावर, मग दोन्ही बाया एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र. ती हकिकत भेटीत सांगीन, हसून मरशील.

बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत आत गेलो. ऑफिसर तरुण होता, वागायला चांगला. मराठीची सोय असते तिथं, दुभाषी बाई शेजारी उभ्या. तो बराच वेळ कॉम्प्युटरवर काहीतरी बघत होता, मग इंग्रजीत बोलला. बाई मराठीत सांगायच्या आधीच ऋतुजाला कळलं होतं. तिनं आमच्याकडं न बघता फाइलमधले स्वतःचे कागद वेगळे काढायला सुरुवात केली. बाई म्हणाल्या, "त्या नियमात बसत नाहीत." मी मान डोलावली. काय बोलणार?

रात्री महालक्ष्मीनं परत निघालो. मिरज येईपर्यंत कुणी काही बोललं नाही. मिरजेला तिनं खाली उतरून चौघांना चहा आणला आणि म्हणाली, "आई, आता तरी वरचा मजला बांधून घ्या."

घरी आल्यावर दाजींचा फोन. त्यांनी सगळं वाचून ठेवलं होतं. अशीच गळालेली पोरं जुन्याच तारखेवर पुढच्या रांगेत धरावीत म्हणून लोक तिकडच्या सुप्रीम कोर्टापर्यंत भांडलेत. एल साल्वादोरच्या एका बाईची केस होती. तिच्या आईनं तिच्यासाठी अर्ज केला तेव्हा तिचा मुलगा १३ वर्षांचा. नंबर लागला तेव्हा त्याला २१ होऊन चार महिने झाले होते. २०१४ मध्ये निकाल लागला, पाच विरुद्ध चार, लोकांच्या विरोधात. जुनी तारीख मिळणार नाही, नव्यानं शेवटी उभं राहा. अक्का तिच्यासाठी काही करू शकत नाही, भाचीसाठी तिकडं रांगच नाही. उरतं एकच. मी तिकडं जायचं, ग्रीन कार्ड घ्यायचं आणि बाप म्हणून तिचा अर्ज टाकायचा. त्या रांगेत आज २०१६ सालचे अर्ज चाललेत. म्हणजे आठ-नऊ वर्षं. आणि अट अशी की तोवर तिनं लग्न करायचं नाही. मी सिटिझन व्हायच्या आधी तिनं लग्न केलं की तो अर्ज तिथंच मेला.

हे मी तिला सांगितलं, गाळ्यातच. खाली मान घालून सांगितलं. माझा हिशेब तयार होता, तेहतिसाव्या वर्षी वगैरे. तिनं ऐकून घेतलं, हातातला व्हर्निअर पेटीत ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पाच वर्षांची असल्यापासून मी त्या तक्त्यात आहे. माझं नाव आता कुठंही घालू नका." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला बरं गेलं असतं. तिच्या मनात कुणीतरी आहे असा तुझ्या वहिनीला संशय आहे. मी विचारलेलं नाही. विचारायचा हक्क मी बराचसा घालवलाय असं वाटतं.

आईला वाटतं कुणीच जाऊ नये. "एवढी वरसं पोटाला कोल्हापूरनंच घातलं न्हवं?" तिचं बरोबर आहे. पण ओंकार १९ चा आहे, त्याचा व्हिसा हातात आहे, आणि माझ्याआधी त्याला तिकडं पाऊल टाकता येत नाही. अर्ज माझ्या नावाचा. मी नाही गेलो तर दुसरंही पोर मीच अडवलं असं होईल. व्हिसा नोव्हेंबरपर्यंतच चालतो, त्यामुळं जास्त विचार करायला कुणी वेळही देत नाही. तेव्हा ठरलंय ते असं. दिवाळी करून मी आणि ओंकार जाणार, अक्काकडं एडिसनला. तुझी वहिनी इथंच राहणार. तिला मागाहून येता येतं, मात्र हा व्हिसा वाया जाईल आणि कागद परत करावे लागतील. "ते प्रतिज्ञापत्र जपून ठेवा," एवढंच म्हणाली. ५३ व्या वर्षी मी तिकडं काय करणार आणि किती दिवस टिकणार, ते मला विचारू नको.

गाळा ऋतुजाच्या नावावर करतोय. तिनं पहिल्याच आठवड्यात सीएनसीचं कोटेशन मागवलं. २२ लाख. शिरोलीच्या एका फाउंड्रीशी वर्षभराच्या कामाचं बोलणंही परस्पर करून आली, मला नंतर कळलं. मी म्हटलं, हप्ता जड जाईल. ती म्हणाली, "मी कुठं जाणार आहे? भरीन की."

तर आता तुझ्याकडं काम. बँकेला एक जामीनदार पाहिजे आणि मी देशाबाहेर जाणार म्हटल्यावर माझ्या सहीला काही वजन राहत नाही. तू सरकारी नोकर, सोलापुरात असलास तरी चालतं म्हणाले. वहिनींना विचारून सांग, भिडेखातर हो म्हणू नको. जमत असेल तर आधार, पॅन आणि तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतील. ऋतुजाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव, मला नको. फाइल तीच बघते.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
संभा